गोदापात्रातील नौकाविहार व होड्या बांधण्याचे नियम : भाविकांसाठी आवश्यक माहिती

श्रीक्षेत्र पैठण हे प्राचीन प्रतिष्ठान नगर छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेस सुमारे ५० कि.मी. अंतरावर गोदावरीच्या उत्तर तीरावर वसलेले आहे. सातवाहनांची राजधानी म्हणून ते इतिहासास ठाऊक आहे आणि शांतिब्रह्म संत एकनाथ महाराजांची जन्मभूमी व समाधिभूमी म्हणून वारकऱ्यांच्या हृदयात त्यास स्थान आहे. फाल्गुन वद्य षष्ठी, शके १५२१ या दिवशी नाथांनी याच गोदामाईच्या पात्रात जलसमाधी घेतली. त्या स्मरणार्थ भरणाऱ्या नाथषष्ठीच्या यात्रेस लाखो भाविक येतात. स्नान, दशक्रिया व अस्थिविसर्जन यांसाठीही वर्षभर कुटुंबे येत असतात. यांपैकी अनेकांना होडीत बसण्याचा योग येतो. त्या सर्वांसाठी ही माहिती संकलित केली आहे. नियम पाठ करण्यापेक्षा त्यामागील कारण समजून घेतले, तर ते आपोआप पाळले जातात. म्हणून येथे प्रत्येक नियमाचे कारण दिले आहे.

एक गोदावरी, दोन रूपे

पैठणला येणाऱ्या भाविकाने प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावी. येथे गोदावरी दोन रूपांत वसते. गावाच्या वरच्या बाजूस जायकवाडीचे धरण असून त्याच्या जलाशयास नाथसागर हे नाव आहे. या धरणाचा पायाभरणी समारंभ १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाला व २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुमारे १० कि.मी. लांबीचा बांध, २७ दरवाजे व सुमारे १०२ टी.एम.सी. साठवणक्षमता असा त्याचा विस्तार आहे. धरणाच्या खालच्या बाजूस घाट व समाधिमंदिर असलेले नदीपात्र आहे. या दोन्ही ठिकाणचे धोके भिन्न आहेत व म्हणून नियमही भिन्न आहेत.

नाथसागरात धोका वाऱ्याचा आहे. वाऱ्यास पाण्यावरून धावण्यास जितके अंतर मोकळे मिळते, तितकी लाट उंच उठते. नदीच्या अरुंद पात्रात जो वारा केवळ तरंग उठवतो, तोच वारा विस्तीर्ण जलाशयावर होडी उलथविण्याइतकी लाट निर्माण करतो. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे जाणारी होडी सायंकाळच्या वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. तो जलाशयही नाथसागरासारखाच विस्तीर्ण आहे. म्हणून वळवाचे दिवस, दुपारनंतरची वेळ व आकाशात ढग असताना जलाशयात होडी नेऊ नये.

नदीपात्रात धोका वाऱ्याचा नसून विसर्गाचा आहे. येथील पाणी आता केवळ पावसावर वाढत नाही, ते धरणाच्या दरवाजावर वाढते. पैठणला निरभ्र आकाश असले तरी नाशिक वा अहिल्यानगर जिल्ह्यांत झालेल्या पावसामुळे धरणातून पाणी सोडावे लागते. विसर्ग 'क्युसेक'मध्ये सांगितला जातो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. दहा हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदास जवळजवळ तीन लाख लिटर पाणी पात्रात येणे होय. ऑगस्ट २००६ व सप्टेंबर २०२५ मध्ये झालेल्या मोठ्या विसर्गांच्या वेळी पैठणमधील सखल वस्त्यांत पाणी शिरले होते. विसर्गापूर्वी नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा देण्यात येतो. हा इशारा मिळताच होड्या थांबल्या पाहिजेत व भाविकांनी पायऱ्या सोडून वर आले पाहिजे.

पाण्यावर अधिकार कोणाचा ?

धरण व त्यातील पाणी यांचे व्यवस्थापन जलसंपदा विभागाकडे आहे. नाथसागराचे क्षेत्र १९८६ साली जायकवाडी पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात प्रवेश करण्यास वन विभागाची परवानगी आवश्यक असते. हिवाळ्यात येथे रोहित, बदके इत्यादी स्थलांतरित पक्षी उतरतात. त्यांच्या थव्यात यांत्रिक नौका घालणे, कर्णे वाजविणे वा निर्माल्य व प्लॅस्टिक टाकणे हा केवळ असभ्यपणा नाही, तो कायद्याचा भंग ठरू शकतो.

नौकांसंबंधी १९१७ चा जुना कायदा रद्द होऊन अंतर्देशीय नौका अधिनियम, २०२१ लागू झालेला आहे. इंजिनवर चालणाऱ्या नौकेस नोंदणी, तपासणी प्रमाणपत्र व विमा असणे आवश्यक आहे. वल्ह्याच्या होड्यांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थेच्या पातळीवर ठेवण्याची तरतूद या कायद्यात आहे. भाविकाने नावाड्यास नम्रपणे प्रमाणपत्र विचारावे. प्रामाणिक नावाडी त्याचा राग मानत नाही.

येथे एक गोष्ट नमूद करणे उचित होईल. गंगापूर तालुक्यातील भिवधानोरा येथील शाळकरी मुले थर्माकोलच्या चप्पूवर बसून नाथसागराचे पाणी ओलांडत असल्याचे वृत्त २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले व उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या मुलांना शाळेसाठी दुसरा जवळचा मार्ग नव्हता. भाविकांपुढे अशी निकड नसते. चप्पू, तराफा अथवा मासेमारीची लहान होडी ही यात्रेकरूंना नेण्याची साधने नव्हेत. मच्छीमार बांधवांना अधिक पैशांचा आग्रह करून त्यांत बसणे म्हणजे आपल्याबरोबर त्यांचाही जीव धोक्यात घालणे होय.

होडीत बसताना

१. ठरलेल्या संख्येपेक्षा एकही माणूस अधिक घेऊ नये. होडी भाराने खाली बसली की तिचा काठ पाण्याजवळ येतो आणि लहानशा लाटेनेही पाणी आत येते. लेकरू मांडीवर असले तरी त्याची गणना करावी.

२. काठावर असतानाच प्रत्येकाने जीवरक्षक जॅकेट घालून सर्व बंद आवळावेत. आसन म्हणून ते खाली घेऊ नये. बालकांना त्यांच्या मापाचे जॅकेट नसल्यास त्यांना होडीत नेऊ नये. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदरा येथील हरणी तलावात सहलीची नौका उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. नौकेत क्षमतेपेक्षा अधिक मुले होती व सर्वांच्या अंगावर जॅकेट नव्हते.

३. एकेकाने, होडीच्या मध्यभागी पाऊल ठेवून चढावे व लगेच बसावे. उभ्या माणसांमुळे होडीचा भार वर जातो व ती डोलू लागते.

४. छायाचित्रासाठी अथवा कळसदर्शनासाठी सर्वांनी एका बाजूस धावू नये.

५. अस्थिविसर्जनाच्या वेळी विशेष काळजी घ्यावी. आप्तेष्टांचे मन व्याकूळ असते, प्रत्येकास कलशास हात लावावासा वाटतो आणि सगळे एकाच बाजूस वाकतात. म्हणून सर्वांनी काठावरच कलशास स्पर्श करून नमस्कार करावा. होडीत एकाने बसूनच विसर्जन करावे व इतरांनी आपापल्या जागी बसून हात जोडावेत. यात विधीस कोणताही कमीपणा येत नाही.

होड्या बांधण्याचे नियम

घाट प्रथम स्नान करणाऱ्यांचा आहे. त्यामुळे होड्या स्नानाच्या पायऱ्यांसमोर न लावता प्रवाहाच्या खालच्या अंगास लावाव्यात. वरच्या अंगास बांधलेली होडी सुटली तर ती प्रवाहाबरोबर थेट स्नान करणाऱ्यांवर येते. पायऱ्यांवरून आडवा दोर नेऊ नये, कारण पाण्याखालील दोरात वृद्धांचे पाय अडकतात.

दोर पुढे व मागे असे दोन असावेत व पुढचे टोक प्रवाहाच्या विरुद्ध दिशेस असावे. दोर अगदी ताणून बांधू नये. विसर्ग वाढून पाणी चढले की ताणलेला दोर होडीचे टोक खाली ओढून धरतो व होडीत पाणी भरते. पाणी उतरले तर होडी पायरीवर लटकून कलंडते. दोर खुंटास वा लोखंडी कडीस बांधावा. दीपमाळ, वीरगळ, मंदिराचा खांब अथवा स्नानासाठी लावलेली साखळी यांस बांधू नये. रात्री व विसर्गाच्या इशाऱ्यानंतर होड्या ओढून वर घ्याव्यात. बांधलेल्या होडीत लहान मुलांनी खेळू नये.

संकटप्रसंगी

कोणी बुडत असल्यास पोहता न येणाऱ्याने पाण्यात उडी घेऊ नये. दोर, एकमेकांस बांधलेली उपरणी वा साड्या, झाकण लावलेला रिकामा प्लॅस्टिकचा कॅन त्याच्याकडे फेकावा. ११२ या क्रमांकावर साहाय्य व १०८ वर रुग्णवाहिका मागवावी. बाहेर काढलेल्यास उलटे टांगू नये, पोट दाबू नये. श्वास थांबला असल्यास जाणकाराने तत्काळ कृत्रिम श्वास व छातीवर दाब देण्यास आरंभ करावा.

गोदामाईच्या कुशीत भय कसले, असे काही भाविक श्रद्धेने म्हणतात. त्या श्रद्धेस आमचा नमस्कार आहे. तथापि याच वाळवंटात तापलेल्या वाळूवर रडणारे लेकरू नाथांना दिसले, तेव्हा त्यांनी स्वतः जाऊन ते कडेवर घेतले व त्याच्या घरी पोचविले. देव त्याची चिंता वाहील, असे म्हणून ते पुढे गेले नाहीत. आपल्यासोबतच्या लेकराच्या जॅकेटचा बंद आवळणे, भरलेल्या होडीतून उतरून पुढच्या होडीची वाट पाहणे, हीदेखील नाथांच्या शिकवणीची सेवाच आहे.

सर्व भाविकांनी सहकार्य करून आपली यात्रा सुखरूप पार पाडावी, ही नम्र विनंती.

— कार्यालयीन सचिव, विश्वस्त मंडळ