छायाचित्रांचा शोध : सुटे शब्द आणि शब्दसमूह

ग्रंथ आपली ओळख थोडीफार स्वतःच करून देतो. मुखपृष्ठावर त्याचे नाव असते, आत अनुक्रमणिका असते, शेवटी सूची असते. छायाचित्राचे तसे नाही. ते कोठले आहे, कोणाचे आहे, कोणत्या प्रसंगी घेतले, हे कोणी तरी शब्दांत लिहून ठेवल्याखेरीज ते संग्रहात असूनही नसल्यासारखेच असते. चित्रात दिसणाऱ्या वस्तू संगणक आता बऱ्याच अंशी ओळखू शकतो, हे खरे; परंतु चित्राबाहेरची हकीकत त्याला केवळ चित्र पाहून कळत नाही. म्हणून सूचकशब्दांना, ज्यांना व्यवहारात ‘कीवर्ड’ म्हणतात त्यांना, छायाचित्र-संग्रहात फार मोठे महत्त्व आहे.

याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेत सापडते. १९३५ ते १९४४ या काळात तेथील संघ शासनाच्या छायाचित्र विभागाने प्रथम मंदीने गांजलेल्या ग्रामीण जनतेची व पुढे युद्धकाळातील जीवनाची चित्रे घेतली. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन केलेल्या या संग्रहात कृष्णधवल निगेटिव्हच सुमारे पावणेदोन लाख आहेत. डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे घेतलेले, दोन मुले खांद्याला बिलगलेल्या चिंताग्रस्त मातेचे चित्र याच संग्रहातले. जगात ते ‘स्थलांतरित माता’ या नावाने प्रसिद्ध आहे. परंतु मूळ टिपणात हे नाव नाही. वाटाण्याच्या शेंगा तोडणारे निराधार मजूर, सात मुलांची आई, वय बत्तीस आणि गावाचे नाव, एवढाच मजकूर तेथे आहे. केवळ ‘स्थलांतरित माता’ हे शब्द घेऊन जो मूळ टिपणे चाळील, त्याच्या हाती हे चित्र लागणार नाही. शोधणाऱ्याचे शब्द आणि नोंदणाऱ्याचे शब्द जुळले, तरच शोध सफल होतो.

शब्द जुळले तरी अडचण संपत नाही. कारण पुष्कळ कल्पना एका शब्दात मावत नाहीत. ‘लाल किल्ला’ हे दोन शब्द घ्या. दिल्लीतील ज्या वास्तूचे बांधकाम शाहजहानच्या काळात १६४८ मध्ये पूर्ण झाले, तिचे हे नाव आहे. येथे ‘लाल’ हे केवळ विशेषण उरलेले नाही. दोन्ही शब्द मिळून एक नाव झाले आहे. नोंद करताना ते सुटे केले, तर लाल पागोटे बांधून दौलताबादच्या किल्ल्यात उभ्या असलेल्या वाटाड्याचे चित्रही दिल्लीच्या वास्तूबरोबर पुढे येईल. दोन्ही शब्द त्या चित्राला लागू आहेत; त्यांचा परस्परसंबंध मात्र निराळा आहे. ‘फूल’ आणि ‘बाजार’ यांचेही तसेच. फुलबाजाराचे चित्र मागणाऱ्याला केसांत फूल माळून भाजी घेणारी स्त्री मिळेल.

ग्रंथालयशास्त्रात या प्रश्नाचा विचार पूर्वीच झालेला आहे. १९५० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत मॉर्टिमर टाउब यांनी एकशब्दी सूचीची पद्धत पुरस्कारिली. विषयाचे सुटे शब्द स्वतंत्र पत्रांवर नोंदवायचे आणि शोधाच्या वेळी ती पत्रे ताडून दोहोंत समान असलेले क्रमांक काढायचे, अशी तिची रचना होती. या पद्धतीत लवचिकता फार. परंतु ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही असे शब्दही केवळ एका नोंदीत आले म्हणून जोडले जातात, हा दोषही तीतच आहे. उलट, एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू वर्गीकरणात विषयाचे घटक आधी वेगळे करून मग ठरलेल्या क्रमाने पुन्हा जोडले जातात. घटक वेगळे करावेत, पण त्यांचे नाते हरवू देऊ नये, हे तत्त्व छायाचित्रांनाही लागू पडते.

यावरून नोंद करणाऱ्यासाठी एक साधी कसोटी मिळते. शब्द सुटे केल्यावर अर्थ टिकतो काय, हे पाहावे. ‘पाऊस’ आणि ‘छत्री’ या स्वतंत्र गोष्टी आहेत. त्या स्वतंत्रच नोंदवाव्यात. ‘इंडिया गेट’ मात्र फोडू नये. नाही तर १९३१ मध्ये उद्घाटन झालेले दिल्लीचे स्मारक आणि १९२४ मध्ये पूर्ण झालेले मुंबईचे ‘गेटवे ऑफ इंडिया’ यांची गल्लत होण्याचा संभव आहे. संगणकीय संग्रहात सूचकशब्द बहुधा स्वल्पविरामाने वेगळे करतात. काही ठिकाणी मात्र दोन शब्दांमधील मोकळी जागा हीच सीमा मानली जाते. तेथे शब्दसमूह नकळत तुटतो. आपला संग्रह कोणती रीत पाळतो, हे आरंभीच तपासून घेणे हिताचे.

शोधणाऱ्यानेही आपण काय मागत आहोत, हे ओळखले पाहिजे. दोन शब्द दिले असता तीन निरनिराळे प्रश्न संभवतात : दोन्ही शब्द असलेली चित्रे, दोहोंपैकी कोणताही शब्द असलेली चित्रे, आणि ते शब्द त्याच क्रमाने लगत असलेली चित्रे. पहिल्या दोहोंच्या मुळाशी जॉर्ज बूल यांनी १८५४ मध्ये मांडलेले तर्कगणित आहे. तिसऱ्यासाठी अनेक संग्रहांत शब्दसमूह अवतरणचिन्हांत लिहितात. मराठीत आणखी एक सावधगिरी हवी. ‘किल्ला’ हा शब्द वाक्यात ‘किल्ल्यात’, ‘किल्ल्यावर’ असा रूप पालटतो आणि यंत्राला ही रूपे एकच वाटतील, असे गृहीत धरता येत नाही. म्हणून सूचकशब्द मूळ रूपातच लिहावेत. वाचकाने आपल्या घरची दहा छायाचित्रे घेऊन हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

निपोमोच्या त्या मातेचे नाव लँग यांनी टिपून घेतले नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे तिचे नाव जगापुढे आले ते १९७८ मध्ये, म्हणजे बेचाळीस वर्षांनी. माणसाचे नाव हाही एक शब्दसमूहच होय. तो वेळीच आणि अखंड लिहून ठेवला, तर चित्राबरोबर माणूसही सापडतो.