आधी उत्तर दे, मग कोड लिही

अगं, परवा तू विचारलंस ना, "ताई, आता दवाखान्याच्या नोंदींच्या प्रकल्पाची मुख्य मेंटेनर मी. पण सगळ्यात जास्त कोड काही माझा नाही. माझं कोण ऐकणार?" तेव्हापासून तुला निवांत लिहायचं होतं.

लोकांच्या उपयोगासाठीचं ओपन सोर्स काम पुढे नेताना तुझा कोड किती, हे कुणी मोजत बसत नाही. दारात आलेल्या माणसाला वेळेवर, नीट उत्तर मिळतं का, ते मात्र सगळे बघतात. ते उत्तर देणं हेच तुझं पहिलं काम.

सगळ्यात आधी उत्तर द्यायचं ते वापरणाऱ्याला. रुग्णांच्या नोंदी ठेवणाऱ्या ओपनएमआरएस या ओपन सोर्स प्रणालीचं बघ. 2004 मध्ये इंडियानापोलिसच्या रीगनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटमधल्या बर्क मॅमलिन आणि पॉल बायोंडिक या डॉक्टरांनी केनियातल्या एल्डोरेटमधली एचआयव्ही रुग्णांच्या नोंदींची अडचण सोडवायला घेतली. त्यांच्या रचनेचा गाभा म्हणजे 'कन्सेप्ट डिक्शनरी'. वजन, रक्तदाब, खोकला किती दिवस, असा प्रत्येक प्रश्न तिथे एक नोंद म्हणून राहतो. डॉक्टरांना उद्या नवीन काही विचारायचं असेल तर एक नोंद वाढवायची, डेटाबेसच्या सांगाड्याला हात लावावा लागत नाही. दवाखान्याच्या गरजा बदलत राहणार, हे त्यांनी आधीच धरलं होतं.

म्हणून तर पुढे छत्तीसगडमध्ये, बिलासपूरजवळच्या गनियारीला, जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयासाठी थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या मंडळींनी 'बहमनी' ही रुग्णालयाची प्रणाली बनवायला घेतली तेव्हा शून्यापासून सुरुवात करावी लागली नाही. रुग्णाच्या नोंदींना ओपनएमआरएस, प्रयोगशाळेला ओपनईएलआयएस, बिलं आणि औषधसाठ्याला ओडू, असं तयार असलेलंच जोडून घेतलं.

आणि वापरणारेच बनवणारे झाले तर दुधात साखर. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करनने एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, लिहायला घेतला. तो स्वतः दृष्टिहीन. बाजारातले स्क्रीन रीडर इतके महाग, की कम्प्युटर विकत घेऊनही तो वापरता येईल याची खात्री नाही. पुढे जेमी तेह हा दुसरा दृष्टिहीन प्रोग्रामर त्याला येऊन मिळाला. कुठे अडतं हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगावं लागलं नाही. आज एनव्हीडीए फुकट मिळतो आणि त्याच्यासोबत येणारं ईस्पीक एनजी हे आवाजाचं सॉफ्टवेअर मराठीही वाचून दाखवतं.

आता नवख्यांचं. समज, तालुक्याच्या कॉलेजातली एक मुलगी आयुष्यातली पहिली पुल रिक्वेस्ट पाठवते. गरोदर बाईच्या फॉर्ममध्ये 'प्रसूतीची तारीख' होतं, तिथे तिने 'प्रसूतीची अपेक्षित तारीख' केलंय. एका शब्दाचा बदल. पण आशाताई नेमकी तिथेच गोंधळत होती. तू महिनाभर काही बोलली नाहीस तर ती मुलगी पुन्हा फिरकणार नाही. तिला लिही, "हा बदल फार मोलाचा आहे. फक्त हेच लेबल बाळंतपणानंतरच्या फॉर्ममध्येही वापरलंय, तिथे 'अपेक्षित' नको. तेवढं वेगळं करून पाठवशील? अडलीस तर विचार." यात कौतुक आहे, चूक नेमकी दाखवली आहे आणि पुढची वाटही आहे. शिकवायला याहून जास्त काय लागतं गं?

काही उत्तरं 'नाही' अशी असतात, तीही टाळू नकोस. एखादा देणगीदार स्वतःपुरतं फीचर मागेल, त्याला सगळ्यांच्या कामाचं काय ते विचार. कुणी म्हणेल, सगळं खुलं आहे तर रुग्णांची माहितीही द्या. तिथे पाय रोवून उभी राहा. खुला असतो तो कोड. एखाद्या बाईची एचआयव्हीची नोंद तिचीच, ती कुणालाही बघायला मिळता कामा नये. चाचणीसाठीसुद्धा खरी नावं वापरायची नाहीत, हा नियम लिहूनच ठेव.

पैशांबद्दल संकोच करू नकोस. लायसन्स फुकट असलं तरी सर्व्हर, प्रशिक्षण, दुरुस्ती यांना खर्च येतोच. एनव्हीडीएमागची एनव्ही ॲक्सेस ही धर्मादाय संस्था आहे, तिलाही देणग्या आणि अनुदानं लागतात. अनुदानाच्या अर्जात देखभालीचा खर्च पहिल्या दिवसापासून मांड. नवीन फीचरला पैसे देणारे भेटतात, जुनं चालू ठेवायला मागावेच लागतात.

आणि मुख्य म्हणजे ही सगळी उत्तरं तू एकटीने देत बसू नकोस. दमशील, आणि तू आजारी पडलीस की दवाखान्यातलं काम अडेल. निर्णय का घेतला ते प्रत्येक वेळी चार ओळींत लिहून ठेव, म्हणजे तुझ्या मागून येणाऱ्याला ते समजेल. या आठवड्यात अजून एक काम कर. नियमित, समजून उत्तरं देणारी एक व्यक्ती निवड आणि तिला मर्ज करायचा अधिकार दे. तिचा पहिला निर्णय तुला पटला नाही, तरी रुग्णाला धोका नसेल तर तो उलटवू नकोस. तुझं कोण ऐकणार, हा प्रश्न मग तुला पडणार नाही.