रानातील अळिंबीची परीक्षा

पावसाने जमीन पुरती भिजली आणि मधूनमधून ऊन पडू लागले, की बांधावर, वारुळापाशी, कुजक्या लाकडावर व उकिरड्यावर नाना आकारांच्या छत्र्या उगवतात. कोकणात खाण्याजोग्या छत्र्यांना अळंबी किंवा अळिंबी म्हणतात, विदर्भात सात्या किंवा टेकोडे म्हणतात. इतर सर्वांना ‘कुत्र्याच्या छत्र्या’ हे एकच नाव पुरते. परंतु खाद्य आणि विषारी अळिंबी पुष्कळदा शेजारी शेजारी उगवतात व दिसण्यातही सारख्या असतात. एप्रिल २०२२ मध्ये आसामच्या पूर्व भागात रानातील विषारी अळिंबी खाऊन १३ माणसे दगावली. म्हणून अळिंबीची परीक्षा कशी करावी, हे प्रत्येक ग्रामसेवकाने व शेतकऱ्याने समजून घेणे अगत्याचे आहे.

अळिंबीचे भाग

अळिंबी ही एक प्रकारची बुरशी होय. तिचे खरे शरीर म्हणजे जमिनीत किंवा लाकडात पसरलेले बारीक तंतू. वर दिसणारी छत्री हे केवळ तिचे फळ. या फळाचे पुढील पाच भाग पाहावेत.

१. छत्री : तिचा आकार, रंग, मधला उंचवटा व पृष्ठभागावरील खवले.
२. कल्ले : छत्रीच्या खाली असणारे पातळ उभे पडदे. त्यांचा रंग कोणता, ते देठाला चिकटलेले आहेत की सुटे, हे पाहावे. कोवळेपणीचा व जून झाल्यावरचा रंग वेगळा असू शकतो.
३. देठ : जाडी, लांबी, भरीव की पोकळ.
४. कंकण : देठाभोवती बांगडीसारखा असणारा पापुद्रा. तो सर्व जातींत नसतो.
५. खोळ : देठाच्या बुडाशी असणारी पिशवी किंवा वाटी.

याखेरीज अळिंबी माती, वारूळ, लाकूड, पेंढा किंवा शेण यांपैकी कशावर उगवली, हेही टिपून ठेवावे.

अळिंबी उपटू नये, खणून काढावी

अमानिटा वंशातील काही जाती अत्यंत विषारी आहेत. त्यांचे कल्ले बहुधा पांढरे असतात, देठावर कंकण असते आणि बुडाशी खोळ असते. ही खोळ मातीत दडलेली असते. घाईने उपटलेली अळिंबी देठातून तुटते, खोळ जमिनीतच राहते आणि धोक्याची मुख्य खूण हातची जाते. म्हणून खुरप्याने भोवतालची माती काढून अळिंबी बुडासकट उचलावी.

वारुळावरील अळिंबीची ओळखही खणल्यानेच पटते. तिच्या मोठ्या जातींत देठ जमिनीखाली मुळासारखा निमुळता होत वाळवीने पोसलेल्या बुरशीच्या पोळ्यापर्यंत गेलेला असतो. छत्रीच्या मध्यावर टोकदार उंचवटा असतो, कल्ले सुटे असतात व बुडाशी खोळ नसते.

कोवळी अळिंबी अंड्यासारखी गोल दिसते. ती उभी चिरून पाहावी. आत छत्रीची व देठाची आकृती दिसली, तर ती अमानिटाची कोवळी अवस्था असू शकते. ती टाकून द्यावी.

बीजाणूंचा ठसा

कल्ल्यांतून बीजाणूंची भुकटी गळते. तिचा रंग ही महत्त्वाची खूण आहे. उमललेल्या छत्रीचा देठ कापावा, अर्धा पांढरा व अर्धा काळा कागद घेऊन त्यावर छत्री कल्ले खाली करून ठेवावी, वर वाटी पालथी घालावी व रात्रभर हलवू नये. सकाळी कागदावर ठसा उमटलेला दिसतो. अमानिटाचा ठसा पांढरा, वारुळावरील अळिंबीचा फिकट गुलाबी असतो. हिरवळीत व खताच्या जागी उगवणारी, खवल्यांची मोठी पांढरी छत्री कोवळेपणी अगदी खाद्य अळिंबीसारखी दिसते व तिचे कल्लेही पांढरे असतात. परंतु तिचा ठसा हिरवट उमटतो. ती खाल्ल्याने काही तासांतच तीव्र वांत्या व जुलाब होतात.

मात्र कोणत्याही एका खुणेवर विसंबू नये. भाताच्या पेंढ्यावर येणाऱ्या खाद्य अळिंबीलाही खोळ असते. तिला कंकण नसते व तिचा ठसा गुलाबी असतो. परमुलखात गेलेल्या माणसांनी गावाकडची ओळखीची अळिंबी समजून विषारी अमानिटा खाल्ल्याची उदाहरणे अनेक देशांत घडली आहेत. एका प्रदेशातील ओळख दुसऱ्या प्रदेशात उपयोगी पडतेच असे नाही.

चुकीच्या समजुती

चांदीचे नाणे किंवा लसूण काळा पडला नाही, किड्यांनी अळिंबी खाल्लेली आहे, साल सहज सोलली जाते, रंग पांढरा आहे, यांपैकी एकही गोष्ट अळिंबी निर्विष असल्याचा पुरावा नव्हे. अमानिटाचे घातक विष उकळल्याने, तळल्याने किंवा वाळवल्याने नष्ट होत नाही.

विषबाधा झाल्यास

घातक अमानिटाची लक्षणे बहुधा ६ ते २४ तासांनी दिसतात. पोटदुखी, वांत्या व जुलाब होतात. मग एखादा दिवस रोग्याला बरे वाटते. हा उतार फसवा असतो, कारण त्याच काळात यकृत निकामी होत असते. म्हणून संशय येताच, लक्षणांची वाट न पाहता, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व ते अन्न खाल्लेल्या सर्वांना रुग्णालयात न्यावे. घरगुती उपचारांत वेळ दवडू नये. उरलेली अळिंबी कागदात गुंडाळून सोबत न्यावी.

ग्रामसेवकांनी पावसाळ्याच्या आरंभी गावातील जाणत्या स्त्री-पुरुषांना बरोबर घेऊन मुलांना व नव्याने आलेल्या मजूर कुटुंबांना या खुणा प्रत्यक्ष दाखवाव्यात. टोपलीतील अळिंबी एकेक करून तपासावी. एका विषारी छत्रीने सबंध कालवण विषारी होते. सर्व खुणा जुळल्या आणि त्याच रानात वर्षानुवर्षे अळिंबी वेचणाऱ्या माणसाने ओळख पटवली, तरच ती चुलीवर चढवावी. तिळमात्र शंका उरल्यास ती फेकून द्यावी. अळिंबीची आवड असणाऱ्यांनी पेंढ्यावर धिंगरीची लागवड करावी. तिच्यात ओळख चुकण्याची धास्ती राहत नाही.