१२३४५६७८९८७६५४३२१ : एका संख्येचा परिचय

वरील सतरा अंकी संख्या आम्हीं प्रथम फळ्यावर लिहिली तेव्हां वर्गांत हशा पिकला. डावीकडून वाचा अगर उजवीकडून, ती एकच! 'लीलावती'ची स्थानमाला लाविली तर तिचा पहिला अंक 'मध्य' या स्थानीं बसतो. परार्ध केवळ एका घरावर राहिलें. परंतु तिची उत्पत्ति अगदीं साधी आहे. नऊ वेळां १ लिहून होणाऱ्या १११११११११ चा ती वर्ग होय.

म्हणजे ती विषम, संयुक्त व पूर्णवर्ग ठरली. १११११११११ चे मूळ अवयव ३ × ३ × ३७ × ३३३६६७ असल्यामुळें आमच्या संख्येंत ते प्रत्येकीं दुप्पट वेळां येतात, व तिचे एकंदर भाजक ५ × ३ × ३ = ४५ होतात. भाजकांची गणती विषम येणें हें पूर्णवर्गाचें लक्षणच आहे. स्वतः संख्या सोडून इतर भाजक मिळविले तर बेरीज तिच्या निम्म्याहून थोडीच अधिक भरते; म्हणून तिची गणना 'न्यून' संख्यांत होते.

आमच्या माहीमहून पालघर स्टेशन गांठून उत्तरेची गाडी धरली, तर बोईसर व वाणगांव यांच्या पुढें डहाणू लागतें. तेथें १९०५ सालीं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर जन्मले. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीस शाळाशिक्षक होते. आमच्या संख्येच्या कुळास त्यांनीं 'डेम्लो' म्हटलें. आणि जिला आपल्याच अंकांच्या बेरजेनें निःशेष भाग जातो तिला 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, असें नांव दिलें. येथें अंकांची बेरीज ८१. भागून पाहिलें, १५२४१५७८९९७१०४१ आले, बाकी शून्य. हा भागाकारही १२३४५६७९ चा वर्ग आहे. आठाचा अंक मात्र तेथें गाळलेला!

एका मुलानें लागलेंच १११ चा वर्ग १२३२१ घेतला. बेरीज ९, भागाकार १३६९. "सर, या कुळांतील सगळ्याच संख्या हर्षद!" असें तो म्हणाला, आणि आम्हीही मान डोलाविली. घरीं येऊन पाहतों तों ११ च्या वर्गानेंच, म्हणजे १२१ नें, आमचें पितळ उघडें पाडलें. बेरीज ४, विषम संख्येस चारांनीं भाग कसा जावा?

कारण शोधूं लागलों. नऊपर्यंत जितके १ लिहावे, त्या गणतीचा वर्ग हीच वर्गसंख्येच्या अंकांची बेरीज असते. तेव्हां प्रश्न इतकाच उरतो कीं, त्या गणतीनें १ च्या ओळीस भाग जातो काय? २, ४, ६, ८ हे सम म्हणून बाद. पांचानें जात नाहीं, कारण शेवटीं १ आहे. सातानें भागतां १ उरतो. टिकतात ते १, ३ व ९ एवढेच.

दहा वेळां १ लिहिला तर तो डौलही मोडतो. मधल्या दहास एका घरांत जागा नाहीं. हातचा पुढें सरकतो व वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा येतो. बेरीज ८२, शंभर नव्हे.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं आपली चूक वर्गांत सांगितली. त्यावर त्याच मुलानें सत्तावीस वेळां १ लिहून २७ नें भागलें, आणि भाग निःशेष गेला! मात्र त्या ओळीच्या वर्गांतील अंकांची बेरीज किती, याचा हिशेब त्याच्या वहींत अद्याप चालूच आहे.