मध्यस्थ निकाल देत नाही

प्रश्न : वडिलांच्या शेतीच्या वाटणीसाठी मी दोन भावांविरुद्ध उमरेडच्या न्यायालयात दावा केलाय. आता न्यायाधीश मध्यस्थीकडे जा म्हणतात. तिथे भावांचं ऐकावंच लागेल का? नाही म्हटलं तर केस हरेन का?
– एक वाचक, उमरेड

उत्तर : ताई, अजिबात नाही. मध्यस्थ निकाल देत नाही. तो दोन्ही बाजूंशी एकत्र आणि वेगवेगळं बोलून मार्ग निघतो का ते पाहतो. तिथलं बोलणं गुप्त राहतं, पुढे पुरावा म्हणून वापरता येत नाही. जमलं नाही तर दावा होता तिथूनच पुढे चालतो.

मला वाटतं, तुम्ही जाऊन बघावं. न्यायालय फार तर हिस्से ठरवून देईल. पण विहिरीचं पाणी कुणी कधी घ्यायचं, बांधावरून वाट कुठून, तुमच्या हिश्श्याऐवजी भाऊ पैसे देणार असतील तर किती हप्त्यांत, हे समोरासमोर बसूनच नीट ठरतं.

जाताना चालू सातबारा आणि फेरफाराच्या नकला सोबत ठेवा. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, तेव्हा ‘बहिणीनं सोडून द्यावं’ या आग्रहाला बळी पडून हक्कसोडपत्रावर सही करू नका. तडजोडीत गट क्रमांक, क्षेत्र, रक्कम, तारखा स्पष्ट लिहून घ्या. ती न्यायालयात दाखल होऊन हुकूमनामा झाला की सहसा मागे फिरता येत नाही. दरम्यान जमीन विकली जाण्याची भीती असेल तर मनाईहुकमाचा अर्ज आधी करा.

वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिलांना उत्पन्नाची अट नाही.