पन्हळी साफ केल्यास का?

गाडी घेतल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "अगं, तिकडे बारा महिने पाऊस म्हणतेस आणि बिनछपराची गाडी घेतेस?" मी म्हटलं, छप्पर आहे, कापडी आहे, दोन खटके काढले की मागे घडी होऊन बसतं. "आणि पाण्याचं काय?" "जातं वाहून," मी म्हटलं. कुठून वाहून जातं हे तिने विचारलं नाही आणि मला ते माहीत नव्हतं. या न विचारलेल्या प्रश्नाचं बिल तीन वर्षांनी आलं, अकराशे पौंडांचं.

मी कोव्हेंट्रीत राहते. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेली, घरात दोनच माणसं उरली, आणि २०१४च्या मार्चमध्ये मी दोनच सीटांची माझदा एमएक्स-५ घरी आणली. २००० सालची, दुसऱ्या पिढीची, १.६ लिटरचं इंजिन, ७२ हजार मैल झालेली, चौदाशे पौंडांना. नवरा एकदा आत बसला, गुडघे कुठे ठेवायचे असं विचारलं आणि उतरून आपल्या उंच गाडीकडे गेला, तो गेलाच.

ही गाडी पहिल्यांदा लोकांनी पाहिली १९८९च्या फेब्रुवारीत, शिकागोच्या मोटार-प्रदर्शनात. साठच्या दशकातल्या इंग्रजी उघड्या गाड्या, त्यातही लोटस एलान, तिच्या चेहऱ्यामोहऱ्यात सरळ दिसतात. त्या इंग्रजी गाड्यांचा जमाना तोवर संपला होता. ट्रायम्फ स्पिटफायर आमच्याच गावात कॅनलीच्या कारखान्यात बनायची, ती १९८० साली बंद झाली. एमजीबीही त्याच वर्षी. इंग्रजांची जुनी हौस जपान्यांनी सकाळी एका किल्लीत सुरू होईल अशी करून दिली. माझ्या गाडीचं वजन हजार किलोच्या थोडं वर, ताकद ११० अश्वशक्ती. आकडे ऐकून कुणी भुवई उचलणार नाही. पण बूड रस्त्याला इतकं टेकलेलं असतं की शेजारच्या ट्रकच्या चाकाचे नट डोळ्यांसमोर फिरतात, आणि ताशी चाळीस मैलांनाही आपण काहीतरी वेडेपणा करतोय असं वाटतं. जूनमधल्या संध्याकाळी गावाबाहेरच्या वळणावळणांच्या रस्त्याने निघालं की आधी कापलेल्या गवताचा वास येतो, मग शेणाचा, मग कुणाच्या तरी अंगणातल्या शेगडीवरच्या कांद्याचा. बंद गाडीत वीस वर्षं त्याच रस्त्याने गेले होते, तिथे कांदा भाजतात हे माहीत नव्हतं.

आता चुका.

पहिल्याच हिवाळ्यात सीटांच्या मागचा गालिचा ओला लागायला लागला. मला वाटलं, काचेच्या रबरातून झिरपत असेल. मी जुना टॉवेल टाकला. दमट हवा शोषणाऱ्या पिशव्या आणल्या. गाडीत ओल्या गोणपाटाचा वास यायचा, त्यावर लव्हेंडरची डबी लावली. इकडे तीन वर्षांवरच्या गाडीची दरवर्षी सरकारमान्य तपासणी होते, तिला एमओटी म्हणतात. २०१५ आणि २०१६च्या कागदावर ‘पास’च्या खाली बारीक अक्षरात एक ओळ होती: मागच्या चाकांपुढे गंज, लक्ष ठेवा. मी ‘पास’ तेवढं वाचलं आणि कागद ड्रॉवरमध्ये टाकला.

२०१७मध्ये तपासनिसाने मला गाडीखाली बोलावलं. दाराखाली पत्र्याची एक लांब पोकळ पेटी असते, गाडीचा उंबरठाच म्हणा. तिच्या मागच्या टोकाला, चाकाच्या अलीकडे, त्याने हातातलं बोथट हत्यार टेकवलं. जोर असा लावलाच नाही. पापड मोडल्यासारखा आवाज झाला, हत्यार आत गेलं आणि त्या भोकातून चहाच्या रंगाचं पाणी ठिबकायला लागलं. आठवडाभर पाऊस नव्हता. ते पाणी कधीचं होतं, देव जाणे. दुसऱ्या बाजूलाही तेच. सीटबेल्ट किंवा सस्पेन्शन जिथे अडकवलेलं असतं त्याच्या ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा कुजला असेल तर गाडी नापास. माझी दोन्हीकडून नापास.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. बंद गाडीचा पीळ छप्परही सोसतं. उघड्या गाडीला छप्पर नाही, म्हणून तो सगळा भार तळ आणि हे दोन उंबरठे घेतात. ते कुजले तर घराची तुळईच कुजली. इंजिन दोन लाख मैल चालेल हो, बसवायला गाडी उरायला हवी.

पाणी आत गेलं कसं, ते शेजारच्या आजोबांनी दाखवलं. त्यांनी उमेदीची वर्षं त्याच कॅनलीच्या कारखान्यात काढली. त्यांनी छप्पर अर्धं उघडलं आणि सीटबेल्टच्या खांबामागे बोट दाखवलं. कापडी छपरावरचं पाणी मागच्या कडेला एका पन्हळीत पडतं. तिथून दोन्ही बाजूंच्या भोकांत, भोकांतून नळीने खाली आणि मागच्या चाकापुढे जमिनीवर. माझ्या भोकांत बर्चची बारीक पानं, शेवाळ आणि माती यांचा बूच बसला होता. मग पाणी काठावरून गालिच्यावर, तिथून उंबरठ्यात. उंबरठ्याच्या तळाला निचऱ्याची बारीक भोकं असतात, तीही कुणा आधीच्या मालकाने काळं डांबरी लेपण फासताना बुजवली होती. म्हणजे वरून नळ चालू आणि खालून मोरी बंद.

मी गुहागरची. कौलारू घरात वाढले. मिरगाच्या आधी फणसाची पानं काढायला पन्हळीवर कुणाला चढवायचं यावरून आमच्याकडे दरवर्षी भांडण व्हायचं. आणि त्याच घरातल्या मुलीने तीन पावसाळे टॉवेल टाकून काढले! आईला हे सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "आता तरी साफ केल्यास का?"

आजोबांचं हत्यार साधं होतं: पडद्याची स्प्रिंग, ती प्लास्टिकचं पांढरं वेष्टण असलेली, दोन टोकांना हूक लावून खिडकीत ताणतात ती. हूक काढायचा, टोकाला चिकटपट्टी गुंडाळायची म्हणजे नळी ओरबाडली जात नाही, आणि पिळत पिळत हळूच आत सारायची. तार किंवा स्क्रू-ड्रायव्हर खुपसू नका, नळी फाटली की पाणी थेट पत्र्यात. हवेचा दाबही नको, सांधा निसटतो. मग चहाच्या कपाने पाणी ओता आणि चाकापुढे खाली बघा. लगेच धार पडली तर ठीक. मी हे वर्षातून दोनदा करते, पानगळ संपल्यावर आणि वसंतात. दहा मिनिटांचं काम आहे.

तुम्ही अशी गाडी बघायला जाल तेव्हा विकणारा इंजिनाचा आवाज ऐकवेल. ऐका आणि सोडून द्या. सीटांमागचा गालिचा उचलून हात लावा. मागच्या चाकापुढे गुडघ्यावर बसून उंबरठ्यावर बोटाने टकटक करा. भरीव, मेलेला आवाज आला तर आत लांबी भरली आहे. ताजं काळं लेपण दिसलं तर ते कशावर फासलंय असं विचारा. एमओटीचा जुना इतिहास गाडीच्या नंबरावरून सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो. त्यातल्या ‘पास’खालच्या बारीक ओळी वाचा. एकच ओळ तीन वर्षं येत असेल आणि चौथ्या वर्षी अचानक नाहीशी झाली असेल, तर दुरुस्तीचं बिल मागा. दुसऱ्या पिढीच्या गाडीत इंजिनाच्या दोन्ही अंगांनी पुढे जाणाऱ्या चासीच्या दांड्याही आतून गंजतात. त्या वरून दिसत नाहीत, लिफ्टवर गाडी चढवल्याशिवाय पैसे देऊ नका.

जॅकच्या बाबतीतही मी शहाणपणा केलाच होता. उंबरठ्याखालच्या पत्र्याच्या शिवणीला जॅक लावायची जागा ठरलेली असते, खाचेने दाखवलेली. मी चार बोटं अलीकडे लावला, शिवण आडवी झाली, रंग तडकला आणि त्या भेगेतून गंजाला नवा दरवाजा मिळाला. बॅटरी या गाडीत डिकीत असते, बंद प्रकारची, वाफ बाहेर नेणाऱ्या नळ्यांसकट. स्वस्तातली साधी बसवली की आम्लाची वाफ डिकीचा तळ खाते. माझ्या सुदैवाने ही चूक आधीच्या मालकाने केली नव्हती. बाकी काही सोडली नव्हती.

हिवाळ्यात इकडे बर्फ धरू नये म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. कोकणात खारा वारा खिडकीचे गज कसे खातो ते मी पाहिलंय, इथे तेच मीठ चाकं खालून उडवतात. म्हणून मार्चअखेर गाडीचं पोट साध्या पाण्याने धुवायचं, आणि ऑगस्टमध्ये, चार दिवस कडक ऊन खाऊन झाल्यावर, उंबरठ्याच्या पोकळीत लांब नळीने मेण फवारायचं. ओल्यावर फवारलंत तर ओल कोंडली. छपराच्या कापडावर दाबाचं पाणी मारू नका, मऊ ब्रश पुरे. ओलं छप्पर घडी करून ठेवलंत तर बुरशी धरेल. आमसुलं वाळत घालताना जे कळतं तेच.

गेल्या जुलैत पुण्याहून भाच्याचा फोन आला. त्याची नवी सनरूफवाली गाडी सोसायटीत झाडाखाली उभी असते. आतल्या दिव्यातून पाणी टपकत होतं आणि कुणीतरी त्याला अख्खं रबर बदलायला सांगितलं होतं, बरंच महाग. मी म्हटलं, सनरूफची काच पाणी पूर्ण अडवतच नाही, खाली पन्हळ असते आणि कोपऱ्यांतून नळ्या निघतात. काच उघड, कोपऱ्यात कपभर पाणी ओत, बघ. तो फोन चालू ठेवूनच खाली गेला.

"मावशी, पाणी जातच नाहीये. तसंच उभंय."

"पडद्याची स्प्रिंग आहे का रे घरात?"

"आमचे सगळे पडदे रॉडवर आहेत."

"मग आजीला फोन कर," मी म्हटलं. "गुहागरला माजघराच्या खिडकीला अजून असेल."