टोणग्यांस चराईबरोबर द्यावयाचा खुराक

वाचावयाचे भाग : नीतिसूत्रे १२:१०, अनुवाद २५:४

म्हैस व्याली आणि रेडकू नर निघाले म्हणजे आमच्या खेड्यांतील कित्येक घरी तोंडे उतरतात. दूध डेअरीस जाते. पिलास पान्हा फुटेपर्यंत सडाशी उभे करतात व लगेच ओढून बांधतात. आणि दोन-तीन महिन्यांत ते मरते. त्यास कोणी मारले असे कोणी म्हणत नाही. ते ‘जगले नाही’ एवढेच म्हणतात. वर दिलेले पहिले वचन ज्या घरी वाचले जाते, तेथे तरी हे शब्द विचार करून उच्चारावेत, असे आम्हांस वाटते.

शिवाय हा तोटाही आहे. महाराष्ट्राच्या १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्यात २०१५ साली जी दुरुस्ती अंमलात आली, तिने गाईप्रमाणेच बैल व वळू यांची कत्तल बंद झाली. म्हैसवर्ग त्या बंदीबाहेर राहिला. तेव्हा दीड-दोन वर्षे नीट पोसलेला टोणगा म्हणजे अल्पभूधारकाच्या हाती येणारी खरी रक्कम होय. ती रक्कम मुलाच्या शाळेस लागेल, किंवा सावकाराच्या व्याजास. प्रश्न एवढाच की, पेंडीची पोती विकत न आणता, गायरानावर चरणारे हे जनावर अंगाने भरेल कसे?

प्रथम गवताकडे पाहू. श्रावण-भाद्रपदात मारवेल, पवन्या ही गवते कोवळी असतात, तेव्हा जनावर नुसत्या चराईवर वाढते. कार्तिकानंतर तेच गवत वाळते व त्यातील प्रथिन शेकडा ३ ते ४ वर येते. जनावराच्या पहिल्या पोटात असंख्य सूक्ष्म जीव राहतात. काडी पचवितात ते हे जीव. खाण्यात शेकडा ७ च्या सुमारास प्रथिन नसेल तर हे जीव उपाशी राहतात, काडी पोटात पडून राहते, आणि पोट भरलेले दिसत असता जनावर रोडावते. म्हणून वाळल्या चराईच्या दिवसांत पहिली गरज धान्याची नसून प्रथिनाची आहे. मायेपोटी ज्वारीचे मोठे घमेले पुढे ठेवणारा मनुष्य उलट अपकार करतो. पोटात आंबटपणा वाढतो, काडीचे पचन मंदावते, व जनावर चरणेही कमी करते.

आता जिन्नस. सरकीची पेंड, करडईची पेंड, तुरीची व हरभऱ्याची चुनी, गव्हाचा कोंडा ही सर्वांच्या परिचयाची आहेत. यांपैकी स्वस्त कोणते, हे पोत्याच्या भावावरून ठरवू नये. समजा, शेकडा २२ प्रथिन असलेली पेंड ३० रुपये किलो व शेकडा १४ प्रथिन असलेला कोंडा २४ रुपये किलो आहे. पेंडीतील एक किलो प्रथिन सुमारे १३६ रुपयांस पडते, कोंड्यातील १७१ रुपयांस. कोंडाच महाग झाला! शेंगदाण्याची पेंड उत्तम. परंतु बुरशी आलेली पेंड विषारी होते, ती फुकट मिळाली तरी घेऊ नये. सरकीतही एक दोष आहे, तो मोठे जनावर सोसते, लहान रेडकू सोसत नाही.

ज्यास पैसाच नाही त्याने बाभळीखाली जावे. बाभळीच्या व वेड्या बाभळीच्या शेंगा ऐन उन्हाळ्यात, गवत संपले असता पिकतात, ही देवाची मोठी सोय आहे. वेड्या बाभळीच्या शेंगा गोड असून जनावर आवडीने खाते. पण बी कठीण असते, ते न पचता शेणातून पडते व पुढच्या वर्षी आपलेच शेत काट्यांनी भरते. म्हणून शेंगा वाळवून दळाव्यात किंवा भरडाव्यात, आणि खुराकाचा थोडा भाग म्हणूनच द्याव्यात. केवळ त्यांवर ठेवलेली जनावरे आजारी पडतात. सुबाभळीचा पालाही एकंदर चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक नसावा. उसाचे वाढे देणाऱ्यांनी खनिज मिश्रण विसरू नये. वाढ्यातील एक आम्ल अंगातील चुना ओढून घेते.

कडबा वा भाताचा पेंढा असेल तर १०० किलोस ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, दाबून कागदाने हवाबंद झाकावा, व २१ दिवसांनी उघडावा. वास उडू देऊन मगच घालावा. सहा महिन्यांच्या आतील पिलास, घोड्यास वा गाढवास हा चारा देऊ नये. आणि युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी कदापि लागू देऊ नये, ते तासाभरात प्राण घेते.

हे सर्व त्याच रेडकास उपयोगी, जे पहिले तीन महिने जगले आहे. जन्मताच चीक, नंतर वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढे दूध, आणि पहिल्या पंधरवड्यातच पशुवैद्यास विचारून जंताचे औषध, इतके त्याचे देणे आहे. म्हशीच्या पिलांस गोल जंत आईच्या दुधातून लागतात व पुष्कळ पिले त्यानेच दगावतात.

दीडशे किलोच्या टोणग्यास चराईनंतर संध्याकाळी एक किलोपर्यंत खुराक पुरे. लाभ होतो की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. रोज पाहणाऱ्याचा डोळा फसतो. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सुतळीने छातीचा घेर व खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत मोजावी. घेरास घेराने, मग लांबीने गुणून ६६० ने भागावे. घेर ५० व लांबी ४४ असता वजन सुमारे १६७ किलो येते. शाळेतील मूल हा हिशेब करील. त्यालाच वही द्यावी. सलग दोन महिने आकडा हलला नाही, तर आधी जंत पाहावेत, मग खुराक वाढवावा. आणि भरलेला टोणगा होळीपूर्वी बाजारात न्यावा, कारण चैत्र-वैशाखात उतरलेले वजन पुन्हा खुराकाने विकत घ्यावे लागते.